सीताफळाच्या पानाचं दुपारचं माप

नसीम, विद्यापीठाचं मशीन सोमवारी परत जाणार आणि दुपारचं माप राहिलेलं, या धास्तीत माझा अख्खा आठवडा गेला. तू गेलीस म्हणून रडत होते, नाही असं नाही. पण रडता रडता मधेच उठून खिडकीतून आभाळ बघायचे. ढग आले तर? बॅटरी बसली तर? विद्यापीठातून फोन आला की आजच्या आज पाठवा, तर? तू म्हणायचीस, "संघू, तू लग्नाच्या पंगतीत बसून बी हाच विचार करती, की आपल्यापर्यंत येईस्तोवर भात संपला तर." खरंय बाई. तू होतीस तोवर निम्मी काळजी तुझ्यावर ढकलून मी मोकळी व्हायचे. आता सगळी माझ्याकडेच आहे.

मशीन आमच्या हॉलमध्ये दिवाणावर ठेवलंय. कॉलेजात ठेवायची हिंमत झाली नाही, आपल्या विभागाचं कुलूप तुला माहीतच आहे. वरून चादर घातलीय. पहिल्या दिवशी आमचे हे म्हणाले, "पाहुण्यांना चहा विचारला का?" आणि लगेच गप्प झाले, कारण या घरात असली थट्टा तूच करायचीस. मग आम्ही दोघं जेवलो आणि बातम्या लावल्या.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, जियारतीला, तुमच्या घरी आले होते. बायकांच्या खोलीत सतरंजीच्या कोपऱ्याला बसले. तुमच्याकडच्या कार्यात कधी उठायचं, कधी पदर डोक्यावर घ्यायचा, हे इतकी वर्षं तू मला डोळ्यांनी सांगायचीस. त्या दिवशी शेजारच्या बाईचं बघून बघून केलं. तुझ्या खालानं, मावशीनं, विचारलं, "तुमे दोनो डोंगर पे जाके करते क्या थे?" मी सांगायला लागले. पानाला बारीक बारीक तोंडं असतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यातनं पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतं, त्याच्यावरच ते जगतं. पण तोंड उघडलं की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. एक घ्यायचं तर दुसरं द्यावंच लागतं. आम्ही पानाला एक काचेचा चिमटा लावतो आणि त्यातनं हवा सोडतो. पानाकडं जाणारी हवा मोजायची, पानावरून आलेली हवा मोजायची. दोन्हींत जो फरक पडेल ते त्या पानाचं काम.

"बस? इतना?" खाला म्हणाली. खोलीत दोघीतिघी हसल्या आणि मलाही बरं वाटलं, कारण तू असतीस तर सगळ्यांत मोठ्यानं हसली असतीस.

अम्मी तोवर तसबीह ओढत बसल्या होत्या. मण्यांवरचं बोट थांबवून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "और वो दुपारवाला झगडा? कोन जीता?"

त्यांना माहीत असेल असं मला वाटलंच नव्हतं. म्हणजे तू घरी जाऊन सगळं सांगायचीस तर. मी म्हणाले, "अम्मी, अजून मिटलं नाही."

"तो मिटाव बेटा. उसके नाम पे झगडा बाकी नक्को."

अम्मी साधं बोलल्या, पण मला वाटलं की मला कुणीतरी तारीख दिलीय.

आपलं भांडण तसं काही मोठं नव्हतं. सकाळी सीताफळाचं पान झकास काम करायचं, दुपारी आकडे पडायचे. तू म्हणायचीस, झाड दुपारी आपणहून तोंडं मिटून घेतं. "माझे अब्बा बी दुपारी गाडा झाकून ठेवायचे. गिऱ्हाईक न्हाई, माल सुकतो, कावून उघडं ठेवावं?" मी म्हणायचे, झाड काही मिटत नाही, आपला चिमटा त्याला मिटवतो. काचेत पान भाजतं आणि भाजलं की मिटतं, त्यात झाडाची काय अक्कल. त्यावर तू म्हणायचीस, "तुला झाडाची अक्कल दिसत न्हाई, कारण तू त्याच्याशी बोलतच न्हाईस." अन् मी म्हणायचे, तू जरा कमी बोल.

त्यात ती रेषा. पानाकडं जाणाऱ्या हवेची रेषा पडद्यावर सरळ जायला पाहिजे, बाहेरची हवा ती बाहेरची हवा. सकाळी ती सरळच जायची. दुपार झाली की उड्या मारायची. मी म्हणायचे मशीन तापतं. तू म्हणायचीस डोंगरावरची हवा हाय, हलणारच. नळ्या बदलल्या, गाळणी बदलली, विद्यापीठातल्या साहेबांनी मशीन खोलून बघितलं आणि ठणठणीत आहे म्हणून परत दिलं. या कामात पहिला धडा असतो तो म्हणजे आपला श्वास नळीत जाऊ द्यायचा नाही, माणसाच्या एका उच्छ्वासानं सगळं माप नासतं. त्याबाबतीत आपण दोघी कडक होतो. हवा ओढणारी नळी काठीला बांधून उंच केलेली. वारं वरून खाली येतं म्हणून आपण झाडाच्या खालच्या अंगाला, त्या चपट्या दगडावर बसायचो. सकाळी एकदा बसलो की डबे खाऊन होईपर्यंत हलायचो नाही. माझी भाकरी तू खायचीस आणि तुझी खिचडी-खट्टा मी, आणि तोंडी लावायला हे भांडण.

गंमत वाटेल अशी गोष्ट, पण त्यावर दत्तूभाऊंची बाग अडली होती. कपिलधारच्या पुढं त्या उतारावर त्यांनी लावलेली सीताफळं, आणि वर बोअर असं की मार्चपासून खाकरायला लागतं. झाड दुपारी आपलं पाणी आपण राखत असेल तर थोड्या ठिबकवर बाग निघते. राखत नसेल तर त्या उतारावर झाडं वाढवूच नयेत. ते दरवेळी विचारायचे आणि आपण दोघी दोन उत्तरं द्यायचो. शेवटी ते म्हणाले होते, "ताई, तुमचं एकमत झालं की कळवा, तवर मी मुलीचं लग्न उरकतो."

मला कशाची भीती वाटत होती ते तुला सांगते. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील. माझं खरं निघालं तर? तू मातीत आणि मी वर उभी राहून म्हणणार, बघ, मी जिंकले. अहवालावर पहिलं नाव तुझं आहे, आणि त्याच अहवालात मी लिहिणार की तुझं म्हणणं चुकीचं होतं. आणि तुझं खरं निघालं तर ते सांगू कुणाला? तुझ्यासमोर हार मानायची मला किती चीड होती, पण मानायला तू तरी समोर पाहिजेस ना. आणि तिसरं, सगळ्यांत वाईट. रेषेनं परत उड्या मारल्या तर? मग काहीच ठरणार नाही, मशीन जाईल, थंडी पडली की पानं गळायला लागतील, आणि अम्मी विचारतील तेव्हा मी काय सांगू.

दवाखान्यात तू ते तोंडावरचं ऑक्सिजनचं नळकांडं बाजूला सारून म्हणालीस, "दुपारचं परत घेऊ. नवं पान, थंड चिमटा. मी येते." मी म्हणाले, "आधी बरी हो, मग भांडू." एवढंच म्हणाले. तापाचं माणूस, चार दिवसांत घरी येईल, असंच सगळे म्हणत होते. मी, जी पंगतीतल्या भाताची काळजी करते, तिला त्या दिवशी कशाचीच काळजी वाटली नाही. हे मला अजून समजत नाही. नको तिथं आयुष्यभर धास्तावले आणि पाहिजे तिथं निवांत बसून मोसंबी सोलत होते.

तुला एक सांगायचं राहिलं. मी तलवाड्याहून नवी नवी कॉलेजात लागले तेव्हाची गोष्ट. स्टाफरूममध्ये ते एक सर होते, आता रिटायर झाले. गोड बोलून विचारत होते, "मॅडम, पूर्ण नाव? नाही, आडनाव काय म्हणालात? मूळ गाव? गावात घर कोणत्या बाजूला?" त्यांना काय पाहिजे होतं ते मला कळत होतं आणि स्टाफरूममधल्या सगळ्यांनाच कळत होतं. सगळे आपापल्या कपात बघत होते. तू दारातनं आत आलीस, हातात कुंडी, साडीला माती, आणि म्हणालीस, "सर, तिचं आडनाव पानाला लावून मोजायचं हाय का? मला सांगा, मी चिमटा आणते." खोली हसली. सरही हसले, काय करतील. तू माझ्याकडं बघितलंही नाहीस, कुंडी खिडकीत ठेवून निघून गेलीस. आपली तोवर ओळखही नव्हती. त्यानंतर इतकी वर्षं आपण एका डब्यात जेवलो आणि मी तुला कधी त्याबद्दल म्हणाले नाही. कारण म्हणाले असते तर तू म्हणाली असतीस, "कोणते सर? मला न्हाई बा आठवत." तुला आठवत होतं. मला ठाऊक आहे.

तर काल गेले. यांनी गाडीनं फाट्याच्या पुढपर्यंत सोडलं, मशीन उचलून बागेत ठेवलं आणि संध्याकाळी येतो म्हणाले. त्यांना थांबायचं होतं, मीच नको म्हणाले. आभाळ स्वच्छ होतं. मी तरी दर पाच मिनिटांनी वर बघत होते.

दत्तूभाऊ खाली आले. माझ्या मागं बघितलं, वाटेकडं बघितलं. "त्या मोठ्यानं बोलणाऱ्या ताई न्हाई आल्या का आज?"

त्यांना माहीत नव्हतं. कोण कळवणार? मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "लई वाईट झालं. आमची मंडळी रडल आता. तुमी आल्या की दुपारी जेवताना तिला करमणूक असायची. तुमचं सगळं भांडण वर ओसरीत ऐकू यायचं. शब्द न् शब्द."

"एवढ्या लांब?" मला शरमल्यासारखं झालं.

"दुपारीच. सकाळी काय कळायचं न्हाई, नुसते हात हलताना दिसायचे. दुपारी मातर टकाटक. ती हसायची अन् म्हणायची, आज तळातल्या ताईचा वरचष्मा हाय." तळातली ताई म्हणजे कोण, तू का मी, हे मी विचारलं नाही. ते वर निघून गेले. थोड्या वेळानं वहिनींनी तांब्याभर पाणी पाठवलं.

मी काठी रोवली, नळी बांधली, सगळं जिथल्या तिथं. सकाळची मापं नीट आली. मग ऊन वर चढलं. दोघींचं काम एकटीनं करायचं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. चिमटा तू धरायचीस आणि पडद्यापाशी मी. आता दोन्ही मीच, म्हणून चिमटा धरून पडदा दिसेल असं मशीन उचलून वरच्या अंगाला खडकावर ठेवलं आणि फांदीपाशी उभी राहिले. तू सांगितलंस तसंच केलं. दरवेळी नवं पान. दोन मापांच्या मधे चिमटा छत्रीखाली, ओल्या फडक्यात, हाताला गार लागेपर्यंत. पान भाजायच्या आत माप घ्यायचं म्हणजे माझ्या म्हणण्याला जागाच उरणार नाही. हात घामानं ओले झाले होते. दोनदा पान निसटलं. घशाला कोरड पडली, पण तांब्या खाली दगडापाशी राहिला होता आणि मी जागेवरून हलले नाही.

आणि रेषा सरळ गेली. भर दुपारी. मी मशीनवर टिचकी मारली, बंद तर पडलं नाही ना. नाही. दुसरं पान लावलं, तिसरं लावलं. रेषा सरळ. माझा विश्वास बसेना, उलट जास्तच घाबरले. जे दोन हंगाम आपल्याला जमलं नाही ते एकटीला कसं जमतंय, काहीतरी चुकतंय.

पण आकडे पडले होते, नसीम. गार चिमटा, न भाजलेलं पान, सरळ रेषा, आणि तरी पानाचं काम सकाळच्या मानानं जेमतेम. वाफही जवळपास थांबलेली. झाडानं आपणहून तोंडं मिटून घेतली होती. तुझं खरं.

एक पान चिमट्यात होतं. चिमटा पानासकट तिपाईला अडकवून ठेवला, मशीन जसं चालू होतं तसं चालू राहिलं. मी उतरून खालच्या अंगाला गेले, आपल्या त्या दगडावर बसले, पाणी प्यायले. आणि मग मी बोलले. आधी हळू, मग मोठ्यानं. "नसीम, तुझं खरं. झाड आपणहून मिटतं. मी हरले. ऐकलंस का, मी हरले." आणखी बरंच बोलले. ते स्टाफरूमचंही बोलले. रडत रडत किती वेळ बोलत होते कुणास ठाऊक. वरून वहिनींनी हाक मारली, "ताई, काय झालं वो?" म्हणजे त्यांना ऐकू गेलं होतं.

मी उठून वर मशीनपाशी गेले. रेषा उड्या मारत होती. मी बोलायला लागले होते तेव्हापासून, अगदी तेव्हापासून.

मी पदराचं टोक हातात धरून वर केलं. ते डोंगराकडं उडत होतं. सकाळी वारं खाली येतं, दुपारी खालची जमीन तापली की ते वर चढतं. सकाळी बसलेली जागा आपण दुपारी बदलली नाही. आपण बरोबर नळीच्या तोंडाशी बसून तोंडाला तोंड देऊन भांडत होतो आणि ते सगळं वारं उचलून आधी नळीत नेत होतं, मग ओसरीत. मशीन ठणठणीत होतं. रेषा हवेनंही हलत नव्हती. आपणच हलवत होतो. दोघी मिळून शिकवतो पोरींना, श्वास सांभाळा म्हणून.

तुला हे सांगायची इतकी घाई झाली होती मला. तू केवढी हसली असतीस. दगडावर हात आपटून हसली असतीस, "या अल्ला, संघू, आपणच?" आणि हसून झाल्यावर म्हणाली असतीस, मग जुनी मापं गेली.

गेली. दोन हंगामांची दुपारची सगळी मापं. काल संध्याकाळी तुमच्या घरी जाऊन अम्मींना सांगितलं की झगडा मिटला, नसीम जिंकली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग घरी येऊन मशीन पुढ्यात घेऊन बसले. ती मापं एकेक करून उघडली. रेषा शांत जायची आणि मधेच उसळायची, थोडी थांबायची, परत उसळायची. थांबायची तेव्हा घास तोंडात असेल. उसळायची तेव्हा तू बोलत असशील, किंवा मी, पण जास्त तूच. तुझा आवाज माझ्याकडं कुठं नाही, फोटो आहेत ते सगळे कॉलेजच्या कार्यक्रमांतले, गप्प उभी असलेली तू. आणि इथं मात्र तुझा श्वास होता, एकेका उसळीत, त्या त्या दुपारचा.

ठेवून द्यावी म्हटलं. अहवालात घ्यायची नाहीत, नुसती ठेवायची, कुणाला काय कळतंय. पण मशीन सोमवारी दुसऱ्याकडं जाणार, आणि खोटी मापं खऱ्यांच्या शेजारी ठेवली की उद्या कुणीतरी ती धरून दत्तूभाऊंना भलतंच सांगणार. तू एक क्षण थांबली नसतीस. "टाक, टाक, नासलेलं कावून सांभाळती," म्हणत माझा हात बाजूला सारला असतास.

म्हणून टाकली. सगळी पुसली, नसीम. आता तुझा श्वास कुठंच नाही.